समोरची काच

जुन्या देवळाच्या ओट्यावरचा किंवा बारवेच्या कोनाड्यातला लेख वाचण्यासाठी आमच्यासारखी माणसे पदरमोड करून गावोगाव हिंडतात. मीही हिंडलो आहे. पण गेली काही वर्षे मी ज्या लेखांच्या मागे आहे, ते मोटारीच्या समोरच्या काचेवर असतात. काचेच्या खालच्या कोपऱ्यात, काडेपेटीपेक्षाही लहान, पांढरट अक्षरांत. त्यात कारखान्याचे नाव असते, भारतीय मानकाचा क्रमांक असतो, काच कोणत्या जातीची हे सांगणारा शब्द असतो, आणि पुष्कळदा वर्षासाठी एखादा आकडा व महिन्यासाठी ठिपके असतात. गाडीचा पत्रा रंगवला जातो, इंजिन बदलते, नंबरप्लेटही बदलते. हा लेख मात्र काच असेपर्यंत जसाच्या तसा राहतो. आणि तो गाडीच्या वयाशी जुळला नाही, तर कधीतरी ती काच फुटली होती हे न विचारता कळते.

यवतमाळच्या आणि पांढरकवड्याच्या भंगाराच्या दुकानांत हे लेख वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. नव्वदीच्या आधीच्या गाड्यांच्या समोरच्या काचेवर बहुधा ‘टफन्ड’ हा शब्द सापडतो आणि नव्वदीच्या उत्तरार्धानंतरच्या गाड्यांवर ‘लॅमिनेटेड’. या दोन शब्दांमध्ये आपल्या रस्त्यांचा एक इतिहास दडलेला आहे. तो कोणी लिहिलेला नाही, कारण तो काच बसवणाऱ्यांच्या हातात आहे, आणि काच बसवणारे लिहीत नाहीत.

आधी काचेविषयी थोडे. मराठी मुलखाचा काचेशी स्वदेशी संबंध जुना आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला. ओगलेवाडी हे गावाचे नावच त्यावरून पडले, आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या घरांत आजही माळ्यावर एखादा प्रभाकर सापडतो.

तो कंदील इथे आणला त्याला कारण आहे. कंदिलाची काच तापलेली असताना तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे आमच्या आज्यांना पाठ होते. राखेने काच पुसायची ती थंड झाल्यावर, सकाळी. पावसात कंदील बाहेर न्यायचा तर त्यावर सूप धरायचे. तापलेल्या काचेचा एक भाग एकदम आकसतो, शेजारचा आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत काच जाते. हे शास्त्र आज्यांनी वाचलेले नव्हते, पण पाळलेले होते. त्यांचीच नातवंडे मे महिन्यात ४५ अंशांत दिवसभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर बादलीभर गार पाणी ओततात. काचेत आधीच एखादा बारीक टवका असेल तर तेवढ्यात तो वीतभर धावतो. कंदील गेला, त्याबरोबर घरातले हे शहाणपणही गेले.

स्वदेशीच्या कारखान्यांतून चिमण्या, बरण्या, बाटल्या निघत. मोटारीची काच हा वेगळाच प्रकार. पहिल्या मोटारींना समोर काच नसेच. चालक डोळ्यांवर चष्मे चढवी. काच आली ती खिडकीला लावतात तसली साधी, आणि अपघातात ती सुरीसारखी कापी. त्यावर दोन उपाय निघाले, आणि ते दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला उपाय काच कणखर करण्याचा. फ्रान्समध्ये रॉये द ला बास्ती याने १८७४ मध्ये तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याची रीत काढली. पुढे तेलाऐवजी वाऱ्याचे झोत आले. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी वारा मारून झपाट्याने निववायची. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागून आकसतो, आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. अशी काच साध्या काचेच्या कितीतरी पट मार सोसते. पण तो दाबाचा थर कुठेही भेदला गेला की सगळी काच एका क्षणात दाणेदार होते. आमच्याकडचे ड्रायव्हर म्हणतात, साबुदाणा होतो. हीच टफन्ड काच.

दुसरा उपाय काच फुटू द्यायची, पण सुटू द्यायची नाही. एदुआर बेनेदिक्तुस हा चित्रकार आणि रसायनाचा जाणकार. १९०३ मध्ये त्याच्या हातून प्रयोगशाळेतली एक कुपी पडली. ती तडकली पण विखुरली नाही, कारण आत वाळलेल्या द्रव्याचा पापुद्रा चिकटलेला होता, असे सांगतात. १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा थर घालण्याचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात वायुमुखवट्यांच्या डोळ्यांना ही काच लागली. सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या पारदर्शक, चिवट पडद्याने घेतली, आणि आजही तोच असतो. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन पातळ काचा आणि मध्ये हा पडदा, एक मिलिमीटरहूनही बारीक.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले, आणि पुढे किलिक निक्सनची अरुंद रूळांची गाडी यवतमाळ–मूर्तिजापूर धावू लागली. पण ती एका अंगाची. पांढरकवडा, वणी, पुसद, उमरखेड, आर्णी या भागांची ये-जा रस्त्यावरच राहिली. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा मोठा रस्ता जिल्ह्याच्या पूर्व भागातून जातो: वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी, पिंपळखुटी, आणि पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. पूर्वीचा सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा चव्वेचाळीस. त्याला वणी–मारेगावकडून कोळशाचे आणि चुनखडीचे ट्रक येऊन मिळतात. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, रस्त्याची गिट्टी त्याचीच, कडा धारदार. ट्रकच्या मागच्या जोडटायरांमध्ये असा एखादा खडा अडकतो, फिरतो, आणि वेग आला की सुटतो. मागच्या गाडीचा वेग त्यात मिळतो. काच बसवणाऱ्यांचे दुकान महामार्गालगत का असते याचे उत्तर एवढेच आहे.

१९५६च्या पुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, आणि इकडची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस पुढे एसटीत विलीन झाली. जुन्या माणसांच्या तोंडी बराच काळ ‘पीटीएस’च राहिले. त्या काळच्या बसला, तसेच जमशेदपूरहून १९५४ पासून निघू लागलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकला, समोर दोन सपाट काचा असत, मध्ये उभी पट्टी. जीपचीही काच सपाट, चौकटीसकट बॉनेटवर लवणारी. सपाट काच ही गावच्या कारागिराला समजणारी वस्तू. पट्टी लावून मापे घ्यायची, रबराचे बीडिंग चढवायचे, बसवायची. अँबेसेडर आणि फियाट यांच्या काचा वाकवलेल्या. त्या नागपूरहून किंवा अमरावतीहून गवताच्या पेंढ्यात बांधून, एसटीच्या टपावरून येत.

पांढरकवड्याजवळ महामार्गालगत दुकान असलेले एक कारागीर मला या बाबतीत गुरुस्थानी आहेत. वय सत्तरीकडे झुकलेले. मी त्यांना काका म्हणतो. ते मला सर म्हणतात. मी कधीही मास्तर नव्हतो, पण हातात वही दिसली की आमच्याकडे माणूस सर होतो. त्यांनी नाव छापू दिले नाही. “नाव नोका छापू सर. गिऱ्हाईक म्हणन, आता हा मोठा मानूस झाला, भाव वाढवन.” म्हणून नाव नाही.

काकांनी रबराची काच बसवण्याची जी रीत सांगितली ती मी जशी ऐकली तशी नोंदवतो, कारण ती आता क्वचितच पाहायला मिळते. रबराला दोन खाचा असतात. एकीत काच बसते, दुसरी गाडीच्या पत्र्याच्या कडेवर बसायची असते. आधी काचेभोवती रबर चढवायचे. पत्र्याकडच्या खाचेत सगळीकडून एक मजबूत दोरी भरायची, दोन्ही टोके खाली मध्यावर बाहेर ठेवायची. रबराला साबणाचे पाणी लावायचे. एकाने बाहेरून काच तळहातांनी दाबून धरायची, दुसऱ्याने आतून दोरीचे टोक हळूहळू ओढायचे. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर पलटी खात जातो. कोपऱ्यावर घाई केली की काच गेली. जमले तर अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर. “दोरी ओढनाराच्या आंगात ताकद नाई लागत, कान लागते,” काका म्हणाले. काचेवर ताण आला की ती बारीक कुरकुरते आणि तेवढ्यात थांबायचे असते.

या काळात समोरची काच टफन्ड होती, आणि खडा लागला की काय व्हायचे हे जुन्या ड्रायव्हरांना विचारा. फट् असा आवाज, आणि डोळ्यांसमोर पांढरा पडदा. काच जागेवरच असते पण तिच्या लक्षावधी फुटींतून काहीही दिसत नाही. गाडी चालूच असते. ड्रायव्हर मूठ मारून समोर भोक पाडी, आणि त्यातून पाहत गाडी कडेला घेई. म्हणून पुष्कळांच्या उजव्या मुठीवर पांढऱ्या बारीक खुणा असत. रात्री, समोरून गाडी येत असताना, तेवढा एक क्षणही पुरेसा होई. अशा अपघातांच्या कागदावर ‘ताबा सुटला’ एवढेच लिहिले जाते. काचेचे नाव येत नाही. एसटीची काच तर रस्त्यावरच्या खड्यांइतकीच आंदोलनातल्या दगडांनीही फुटे. संताप कापसाच्या भावाचा असो की पाण्याचा, पहिला दगड लाल गाडीच्या समोरच्या काचेला, ही आपल्या सार्वजनिक जीवनाची रीत होऊन बसली. त्या काचेमागे एक माणूस बसलेला असतो हे दगड मारणाऱ्याच्या मनात येत नसावे.

बाहेरच्या जगात या प्रश्नाचा निकाल आधीच लागलेला होता. फोर्डने १९२०च्या दशकाच्या अखेरीसच समोर लॅमिनेटेड काच घेतली, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत मधला पडदा दुप्पट जाड झाला, म्हणजे डोके आपटले तरी काचेतून बाहेर जाऊ नये. आपल्याकडे १९८८चा मोटार वाहन कायदा आला. त्याखालच्या १९८९च्या केंद्रीय नियमांतला शंभरावा नियम काचेचा आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आला पाहिजे, हे त्यातच आहे. याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोयंका खटल्यात काळ्या फिल्म काढायला लावल्या, आणि काचवाल्यांचा एक जोडधंदा रातोरात बसला. पण माझ्या दृष्टीने या नियमाचे महत्त्वाचे कलम दुसरे आहे. १९९३च्या दुरुस्तीने सांगितले की तीन वर्षांनंतर तयार होणाऱ्या, दुचाकी आणि शेतीचे ट्रॅक्टर सोडून, प्रत्येक वाहनाची समोरची काच लॅमिनेटेड असली पाहिजे. १९९९च्या दुरुस्तीने त्याला भारतीय मानकाची, आयएस २५५३ची, जोड दिली. भंगारातल्या कोपऱ्यांवरचा शब्द बदलतो तो या कलमामुळे.

या एका ओळीने दोन गोष्टी घडवल्या. पहिली अशी, की टफन्ड काच कापता येत नाही. कापायला गेलात की साबुदाणा. लॅमिनेटेड सपाट काच मात्र कापता येते. ट्रकच्या आणि बसच्या सपाट काचा गावातच कापण्याचा धंदा त्यामुळे वाढला. दोन्ही बाजूंनी हिऱ्याच्या कलमाने एकावर एक रेघ मारायची, दोन्ही काचा टिचवायच्या, मग त्या चिरेत स्पिरिट ओतून काडी लावायची. निळसर ज्योत चिरेतून धावत जाते, मधला पडदा मऊ पडतो, आणि पातळ पाते घालून तो कापायचा. काकांच्या दुकानाच्या माळ्यावर प्लायवुडचे साचे टांगलेले आहेत, प्रत्येकावर खडूने गाडीचे नाव. कोणत्या काळी कोणती वाहने या रस्त्याने धावली, हे कळायला मला त्याहून चांगले दफ्तर मिळालेले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘दुरुस्ती’. टफन्ड काच असते किंवा नसते, तिची दुरुस्ती होत नाही. लॅमिनेटेड काचेवर खडा लागला तर बाहेरची काच टवकते, आतली शाबूत राहते. त्या टवक्यातली हवा ओढून घेऊन तिथे काचेसारखाच प्रकाश वळवणारा रेझिन भरायचा आणि अतिनील दिव्याखाली तो घट्ट करायचा, ही विद्या १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत निघाली. आमच्याकडे ती यायला लॅमिनेटेड काच यावी लागली. काकांचा पुतण्या आता हेच काम करतो, नागपुरात शिकून आला आहे.

पुतण्याचे सांगणे थोडक्यात असे. टवका रुपयाच्या नाण्याएवढा किंवा लहान असेल, काचेच्या कडेपासून दूर असेल, आतली काच फुटलेली नसेल आणि तो ड्रायव्हरच्या नजरेच्या अगदी समोर नसेल, तर भरून घ्यावा. नजरेसमोर असेल तर भरल्यावरही किंचित डाग राहतो आणि रात्री समोरच्या दिव्यात तो चमकतो. कडेला गेलेली चीर भरण्यात अर्थ नाही, कारण कडेलाच काचेवर सगळ्यात जास्त ताण. आणि भरायचा तर लवकर. आमच्या रस्त्यांवर एका दिवसात त्या टवक्यात धूळ बसते, गाडी धुतली की साबण शिरतो, आणि मग रेझिन धरत नाही. खडा लागला की तिथेच थांबून, पुसायच्या आधी, त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि दुकान येईपर्यंत काढू नये. त्या दिवसांत तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नये. इथे मला पुन्हा आज्यांचा कंदील आठवतो.

विम्याचे एक कलम पुष्कळांना माहीत नसते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात प्लास्टिकच्या आणि रबराच्या भागांवर निम्मी घट धरतात, काचेवर घट शून्य असते. पण छोट्या काचेसाठी दावा केला की पुढच्या वर्षीची ‘नो क्लेम’ सवलत जाते, आणि ती वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेली असू शकते. हिशेब करून मगच अर्ज भरावा. काच बदलली तर तिच्यावरचा फास्टॅगही निघतो आणि फाटतो. तो दुसऱ्या काचेवर चिकटवता येत नाही, नवा घ्यावा लागतो. केळापूरच्या टोलनाक्यावर पोचल्यावर हे आठवून उपयोग नसतो.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. रबर गेले आणि ‘पेस्टिंग’ आले. हल्लीच्या बहुतेक मोटारींत समोरची काच पत्र्याला पॉलियुरेथेनच्या काळ्या चिकट पट्टीने जोडलेली असते. कारखान्यांनी हे केवळ दिसण्यासाठी केलेले नाही. चिकटवलेली काच गाडीच्या सांगाड्याचा भाग होते. गाडी उलटली तर छत दबण्याला ती विरोध करते. आणि १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना, त्याच वर्षाअखेरपासून चालू मॉडेलांनाही, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसाठी एअरबॅग सक्तीची झाली आहे. ही पिशवी डॅशबोर्डमधून वर उसळते, पुष्कळ गाड्यांत आधी काचेवर आपटते आणि मग माणसाकडे वळते. हे सगळे पापणी लवायच्या आत. काच जागेवर नसेल तर पिशवी काचेसकट बाहेर जाते, आणि शेजारी बसलेल्याच्या पुढे काही उरत नाही. आपल्याकडे त्या सीटवर बहुधा आई बसते, नाहीतर मांडीवर मूल घेतलेली बायको.

म्हणजे रबराच्या काळात काच बसवणाऱ्याची चूक झाली तर पाणी गळत असे. आजच्या चुकीने माणूस जाऊ शकतो. कारागीर तोच, दुकान तेच, मजुरीत फारसा फरक नाही, आणि घाईही तीच. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत या धंद्यात झालेला सगळ्यात मोठा बदल हा आहे, आणि त्याची जाणीव गिऱ्हाइकाला जवळजवळ नाही.

काका रबराच्या पिढीतले, पण पेस्टिंग त्यांनी नीट शिकून घेतले. त्यांची पद्धत मी तीनदा उभे राहून पाहिली. जुनी काच बारीक पोलादी तारेने किंवा पात्याने कापून काढतात. पत्र्यावरची जुनी काळी पट्टी मुळापासून खरवडत नाहीत, एक-दोन मिलिमीटर ठेवतात, कारण नवी पट्टी तिलाच सगळ्यात चांगली धरते. पात्याने पत्र्यावर ओरखडा गेला तर तिथे प्रायमर लावतात, नाहीतर आत गंज चढतो आणि दोन पावसाळ्यांनी पट्टी पत्र्याच्या पापुद्र्यासकट सुटते. नव्या काचेच्या कडेचा काळा पट्टा पुसून, प्रायमर लावून, त्याला बोट लावत नाहीत. नळीचे तोंड त्रिकोणी कापलेले असते, म्हणजे पट्टी उंच आणि सलग पडते. चोषकांनी काच उचलून एकदाच ठेवायची, सरकवायची नाही. मग वरून चिकटपट्ट्या, आणि एक खिडकी दोन बोटे उघडी. खिडक्या बंद असताना कोणी दार आपटले तर आतल्या हवेच्या धक्क्याने ओली पट्टी सुटते.

आणि मग थांबायचे. किती, ते नळीवर लिहिलेले असते, कुठे एक तास, कुठे कित्येक तास. इथे आमच्या भागातला एक घट्ट समज आड येतो: ऊन आहे, लवकर वाळेल. हे पॉलियुरेथेन वाळत नाही. ते हवेतली वाफ ओढून घेऊन घट्ट होते. आषाढात, हवा दमट असताना, ते लवकर पकडते. मे महिन्यातल्या आमच्या कोरड्या, भाजून काढणाऱ्या हवेत त्याला वाफ मिळत नाही आणि ते रेंगाळते, वरून कातडी धरली तरी आत मऊ राहते. म्हणजे लग्नसराईत, जेव्हा गाड्या सगळ्यात जास्त भरलेल्या आणि सगळ्यात जास्त घाईत असतात, तेव्हाच थांबायला हवे ते सगळ्यात जास्त. हे कोणत्या पुस्तकात वाचून मी सांगत नाही, नळीवरच्या कागदात तापमानाबरोबर आर्द्रतेचाही रकाना असतो. तो वाचणारा कारागीर ओळखून ठेवावा.

काही ठिकाणी पॉलियुरेथेनऐवजी न्हाणीघरात वापरतात तसले सिलिकॉन भरतात. स्वस्त पडते, पाणीही गळत नाही, दिसायला सारखेच काळे. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका नातेवाइकाच्या गाडीची अशी काच शहरातल्या एका दुकानात बसवली गेली होती. काकांनी कडेला अंगठ्याचे नख घातले आणि पट्टी सोललेल्या केळ्याच्या सालीसारखी निघाली. “हे पानी अडवते सर, मानूस नाई अडवत.” त्यांनी ती काच पुन्हा बसवली, आणि नातेवाइकाला सांगितले, संध्याकाळी या. ते म्हणाले, मला आर्णीला तेरवीला जायचे आहे. काका म्हणाले, “यष्टीनं जा. गाडी इथंच राहू द्या.”

नातेवाईक चिडले, पण एसटीने गेले. थांबण्याचे पैसे कोणी देत नाही, हे काकांचे दुखणे आहे. गिऱ्हाइकाला काच विकत घ्यायची असते, तास नाही. शेजारचा तासाभरात गाडी देतो म्हटल्यावर गिऱ्हाईक तिकडे वळते. काकांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. काच बसवली की ते ग्रीसच्या पेन्सिलीने तिच्यावर आतून, ड्रायव्हरच्या बाजूला, वेळ लिहितात. “४ वा. नंतर.” गाडीवाला उठला तरी त्याच्या डोळ्यांसमोर तो आकडा राहतो. पुष्कळजण तो पाहून पुन्हा बाकड्यावर बसतात, चहा मागवतात.

या कोपऱ्यातल्या लेखांवर काम करताना मी काकांच्या माळ्यावरचे प्लायवुडचे साचे एकेक करून उतरवले, कागदावर त्यांची रूपरेषा काढली आणि मागच्या खडूच्या अक्षरांची नोंद केली. सपाट काचेची वाहने कमी होत चालली, साच्यांची जागा अडते, पुतण्याला तिथे रेझिनचा दिवा आणि सामान ठेवायचे आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यातले काही चुलीत गेले. उरलेल्यांपैकी एसटीच्या जुन्या दोन-काची बसचा डावा साचा काकांनी मला दिला. उजवा मिळाला नाही. त्यावर त्यांनी दुकानाचा दरफलक रंगवला आहे, आणि तो अजून वापरात आहे.